दगडाचा दाखला

कोल्हापूरच्या पश्चिमेस पसरलेल्या रंकाळ्याविषयी पिढ्यान्‌पिढ्या असे सांगितले जाते की, आज जेथे पाणी आहे तेथे प्राचीन काळी दगडाची खण होती, अंबाबाईच्या देवळाचा काळा पाषाण त्या खणीतून निघाला, आणि पुढे एका भूकंपाने तळ फुटून ती खण पाण्याने भरून गेली. या कथेत इतिहास किती व लोकश्रद्धा किती, याचा निवाडा करण्याचे मी येथे टाळतो. परंतु त्याच परिसरातील इराणी खण ही मात्र नावाप्रमाणेच खण आहे, आणि अनंतचतुर्दशीला गणपतीचे विसर्जन करण्यासाठी तिच्या काठी जमणाऱ्या हजारो माणसांच्या पायांखाली या शहराच्या घडणीचा मूळ दस्तऐवज उघडा पडलेला असतो. देऊळ, घाट, वाडे, 1872 ते 1876 या काळात उभा राहिलेला टाऊन हॉल, मेजर मँट यांनी आखलेला व 1884 च्या सुमारास पुरा झालेला नवा राजवाडा, या साऱ्यांना ज्याने अंग दिले, तो दगड आपण रोज पाहतो. पण तो पाहतो भिंत म्हणून, पायरी म्हणून, दीपमाळ म्हणून. दगड म्हणून त्याच्याकडे पाहणारा माणूस विरळा.

हा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीला पडलेल्या भेगांतून थरावर थर वाहत आलेला लाव्हारस होय. सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख आजही त्याच्या आच्छादनाखाली आहे, आणि कोल्हापूर त्याच्या दक्षिण हद्दीजवळ वसलेले आहे. एखादा थर वाहत असता त्यातील वायू वर येऊ पाहतो, पृष्ठभाग थिजल्यामुळे आतच कोंडतो, आणि बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहतात. पुढे त्या पोकळ्यांतून उष्ण पाणी झिरपत राहते, आपल्यात विरघळलेली द्रव्ये भिंतींवर सोडीत जाते, आणि मग वडाराच्या सुत्कीखाली एखादा काळा धोंडा दुभंगला म्हणजे त्याच्या पोटातून अवचित पांढऱ्या सुयांचा झुबका, फिकट गुलाबी पाकळ्यांची पेंडी किंवा बिल्लोरी काचेसारखा घनाकार खडा बाहेर येतो. वडार त्याला सरसकट 'गार' म्हणतो आणि बाजूला टाकतो. कारण ज्या दगडात गारा अधिक, तो दगड बांधकामाला हलका. खाणीच्या धन्याला जे नको असते, नेमके तेच संग्राहकाला हवे असते.

खडे, खनिजे आणि जीवाश्म जमविण्याचा छंद आपल्याकडे इंग्रजी अमदानीत आला, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. मला ती मान्य नाही. स्मार्त परंपरेच्या ज्या घरांत पंचायतनपूजा चालत आली आहे, त्या घरांच्या देवघरात ताम्हणाएवढ्या जागेत एक सुव्यवस्थित पाषाणसंग्रह शतकानुशतके नांदत आला आहे. विष्णूच्या स्थानी गंडकीतला शाळिग्राम, शिवाच्या स्थानी नर्मदेतला बाण, गणपतीच्या स्थानी शोण नदीतला तांबडा शोणभद्र, देवीच्या स्थानी आंध्रातील सुवर्णमुखी नदीतील शिला आणि सूर्याच्या स्थानी स्फटिक, अशी ही पाच देवतांची मांडणी. आणि ती मूर्तिकाराने घडविलेल्या प्रतिमांची नसून नदीने घडविलेल्या, माणसाच्या छिन्नीचा स्पर्श न झालेल्या दगडांची. आजच्या परिभाषेत बोलावयाचे तर बाण हा बहुधा सूक्ष्मस्फटिकी गारेचा नदीत घासून गुळगुळीत झालेला गोटा, शोणभद्र हा लोहद्रव्याने रंगलेला तांबडा दगड, स्फटिक ही शुद्ध गार, आणि शाळिग्राम हा तर साक्षात जीवाश्म.

या शाळिग्रामापाशी थोडे थांबले पाहिजे. नेपाळात मुक्तिनाथाच्या परिसरात काली गंडकीच्या पात्रात हे काळे गोटे सापडतात. ते फुटले किंवा झिजले म्हणजे आत जे चक्र दिसते, ते सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी समुद्रात राहणाऱ्या, माकूळ व अष्टपाद यांच्या कुळातील अमोनाइट नामक प्राण्याच्या शंखाचा ठसा होय. जेथे आज हिमालय उभा आहे तेथे त्या काळी समुद्र होता, हे सांगणारा तो साक्षीदार आहे. पुराणकारांनी हे चक्र वज्रकीट नावाच्या कीटकाने दगड कोरून पाडले असे म्हटले. कारण त्यांना वेगळे वाटले, तरी हे जीवकृत्य आहे एवढे त्यांनी ओळखले होते, आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्याहूनही विशेष म्हणजे त्यांनी केलेले वर्गीकरण. चक्रे किती, द्वार कोठे, वर्ण कोणता, आकार केवढा, रेषा कशा, या लक्षणांवरून लक्ष्मीनारायण, नरसिंह, दामोदर, सुदर्शन अशी नावे ठरविण्याची पद्धत पुराणांत सविस्तर आली आहे. आणि दगड हाती घेऊन लक्षणे क्रमाने तपासीत नावापर्यंत पोहोचणे, ही तर आधुनिक खनिजविद्येच्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी शिकविली जाणारी रीत होय. शाळिग्रामाचे मोल करणे शास्त्राने निषिद्ध मानले, आणि तो भंगला तरी पूज्यच राहतो असे सांगितले. संग्राहकाच्या नीतीविषयी याहून अधिक काही सांगता येईल, असे मला वाटत नाही.

येथे एक योगायोग नमूद केल्यावाचून पुढे जाववत नाही. अमोनाइटांचा वंश पृथ्वीवरून कायमचा नष्ट झाला तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे ज्या काळात आपला काळा कातळ भेगांतून वाहत होता त्याच काळात. कोल्हापुरातील एखाद्या जुन्या वाड्याच्या काळ्या चौथऱ्यावर देवघर असते आणि त्यात शाळिग्राम असतो, तेव्हा नाहीसा झालेला तो वंश आणि त्याच्या अखेरीचा समकालीन असलेला तो पाषाण एका छपराखाली नित्य भेटत असतात.

परंतु पंचायतनाचे खरे महत्त्व मला निराळ्याच कारणासाठी वाटते. या पाचांपैकी चार दगडांच्या ओळखीत त्यांचे उत्पत्तिस्थान गोवलेले आहे. नर्मदेचा म्हटला की नर्मदा आली, शोणभद्र म्हटला की शोण आली, गंडकीशिला म्हटले की गंडकी आली. यात्रेकरूंच्या वळकटीतून हा दगड शेकडो कोस दूर पंचगंगेच्या काठी आला, त्याला आणणारा माणूस मरून गेला, घराण्याच्या दहा पिढ्या उलटल्या, तरी दगडाचा दाखला हरवला नाही. कारण तो कागदावर नव्हता, नावातच होता. संग्रहाची किंमत खड्याच्या चकाकीत नसून त्याच्या दाखल्यात असते, हे तत्त्व आपल्या देवघराने इतके सहज पाळले, आणि पुढे ज्यांनी शास्त्र म्हणून संग्रह केले त्यांतील कित्येकांना ते पाळता आले नाही.

रत्नपरीक्षेची परंपराही या प्रांताला परकी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला 'मानसोल्लास' हा ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला, आणि राजाच्या कोशाचे विवेचन करताना त्यात रत्नांचे गुण, दोष व उत्पत्तिस्थाने यांची चर्चा आलेली आहे. कोल्हापुरावर राज्य करणारे शिलाहार याच चालुक्यांचे मांडलिक होते. आजही कोल्हापूरच्या गुजरीत जाऊन एखाद्या जुन्या सराफाच्या पेढीवर बसावे. तो काळ्या कसोटीवर सोन्याची रेघ ओढतो आणि रेघेच्या रंगावरून कस सांगतो. खनिज ओळखताना खरखरीत पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यावर त्याची रेघ ओढून भुकटीचा रंग पाहतात, तीही परीक्षा तत्त्वतः हीच. 1812 साली फ्रीडरिश मोस याने खनिजांच्या काठिण्याची दहा पायऱ्यांची श्रेणी लावली. कोण कोणाला ओरखडतो एवढ्यावर ती उभी आहे, आणि हिऱ्याला हिराच कापतो हे जाणणाऱ्या जवाहिऱ्याला तीत नवे वाटण्यासारखे फारसे काही नव्हते.

याहूनही मागे गेल्यास ब्रह्मपुरी लागते. पंचगंगेच्या काठच्या या टेकाडावर 1945-46 साली डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. पोसायडॉन या ग्रीक समुद्रदेवतेची लहानशी कांस्यमूर्ती ब्रह्मपुरीचीच. तिच्यामुळे या जागेचे नाव जगभर गेले. पण मला अधिक ओढ आहे ती तेथील मण्यांची. अकीक, तांबडा कार्नेलियन, स्फटिक हे सारे गारेचेच प्रकार. काळ्या कातळाच्या पोकळ्यांत जन्मलेली गार निवडून, तापवून, भोक पाडून, घासून कोणी कारागिराने सातवाहनकाळी तिचा मणी केला. कोणता खडा तापविल्यावर तांबडा होईल, कोणता तडकेल, भोक पाडताना कोणता टिकेल, हे ज्ञान ग्रंथात नव्हते, हातात होते. पुढे डॉ. दीक्षितांनी भारतातील प्राचीन मण्यांच्या अभ्यासास आपले आयुष्य वाहिले. ब्रह्मपुरीतील वस्तू टाऊन हॉलमधील संग्रहालयात आहेत, आणि पोसायडॉन पाहण्यासाठी जाणाऱ्याने मण्यांसमोरही घटकाभर उभे राहावे.

आता इंग्रजी अमदानीकडे वळू. 1824 साली एल्फिन्स्टनच्या मुंबई सरकारने दख्खनची सांख्यिकीय माहिती गोळा करण्याच्या कामावर विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अंमलदाराची नेमणूक केली. महसूल, पिके, लोकसंख्या यांची फेरिस्त तयार करता करता या गृहस्थाने पक्षी, मासे आणि खडक यांचेही टिपण ठेवले, आणि दख्खनच्या भूरचनेवरील त्याचा निबंध लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेपुढे 1833 साली वाचला गेला. याच सुमारास पुण्याकडचे सुईदार पांढरे खडे विलायतेत पोहोचू लागले होते. 1831 साली ब्रूक नावाच्या खनिजज्ञाने त्यांपैकी एकाला 'पूनालाइट' असे नाव देऊन ते नवे खनिज ठरविले. पुढील परीक्षणात ते आधीच ज्ञात असलेल्या मेसोलाइटाच्या जातीचे निघाले आणि ते नाव मागे पडले. नाव गेले याचे मला दुःख नाही. दुःख आहे ते हे की, त्या काळच्या अनेक सुंदर खड्यांच्या चिठ्ठ्यांवर 'पुणे' किंवा 'दख्खन' यापलीकडे काही लिहिलेले नाही. कोणते मौजे, कोणता ओढा, कोणती विहीर खणताना निघाला, याचा थांगपत्ता नाही. गावाचा दाखला नसलेला खडा कपाटात शोभतो, पण शास्त्राला त्याचा उपयोग मुक्या साक्षीदाराइतकाच.

1856 ते 1863 या काळात बोरघाटातून लोहमार्ग नेताना सह्याद्रीचा कडा फोडला गेला. पंचवीस बोगदे, हजारो मजूर, रोगराई व अपघात यांत गेलेले असंख्य प्राण, आणि या साऱ्या श्रमातून उघडे पडलेले ॲपोफिलाइट, स्टिल्बाइट यांचे खजिने, असा तो इतिहास आहे. युरोपातील संग्रहालयांत आजही खंडाळ्याचे ते खडे पाहावयास मिळतात. ज्याच्या पहारीने ते निघाले, त्याचे नाव कोठल्याही चिठ्ठीवर नाही. संग्रहाच्या इतिहासातील ही थकबाकी आपण निदान मान्य तरी केली पाहिजे.

नागपुरात स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने मात्र दाखल्याचे मोल जाणले होते. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये, मधल्या शांततेच्या काळात साचलेल्या तळ्यांचा गाळ दबून राहिला आहे आणि त्यात शंखशिंपले, फळे, बिया व लाकूड यांचे जीवाश्म आहेत, हे त्याने व त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर याने टाकळीच्या परिसरात दाखवून दिले. तेथीलच एका हिरव्या खनिजाला 1859 साली 'हिस्लॉपाइट' असे नाव मिळाले. 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात त्याचा अंत झाला.

कोल्हापूरच्या माणसाला जीवाश्म पाहावयाचा असेल तर त्याला अर्थातच आपल्या कातळात तो मिळणार नाही. तप्त रसात जीव टिकत नाही. पण दक्षिणेस फार दूर जाण्याचे कारण नाही. गोकाकजवळ चिकदौली येथे घटप्रभेला मिळणाऱ्या एका नाल्याच्या काठच्या मातीत रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकास गेंड्याची हाडे सापडली, आणि 1874 साली त्याने 'ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस', म्हणजे दख्खनचा गेंडा, अशी नवी जाती म्हणून त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. आज जेथे ऊस व ज्वारी उभी असते, तेथे एके काळी गेंडा चरत होता! दोन वर्षांनी, 1876 साली, दक्षिण महाराष्ट्र व लगतच्या जिल्ह्यांच्या भूरचनेवरील फूटचा विस्तृत ग्रंथ निघाला. काळ्या कातळाची सीमा कोठे संपते आणि त्याखालून कलादगीचे अतिप्राचीन वालुकाश्म कोठे डोके वर काढतात, हे समजून घेण्यास तो आजही उपयोगी पडतो. 1863 च्या 30 मे रोजी मद्रासजवळ पल्लावरम येथे अश्मयुगीन हत्यार ओळखणारा फूट तो हाच. चाळीस वर्षे जमविलेला हत्यारांचा त्याचा संग्रह 1904 साली मद्रासच्या संग्रहालयात गेला, आणि त्याची यादी 1914 व 1916 साली दोन भागांत प्रसिद्ध झाली. त्या यादीत वस्तू गावागणिक लावलेल्या आहेत. एखाद्या कसलेल्या फडणविसाचे दप्तर उघडावे तसे ते काम आहे, आणि म्हणूनच फूटच्या पश्चात आलेल्या संशोधकांना त्या जागी पुन्हा जाता आले.

आपल्याकडे या विद्येला मराठीत आणण्याची धडपडही कोल्हापुरात झाली, हे विसरता कामा नये. राजाराम कॉलेजात विज्ञान शिकविणारे बाळाजी प्रभाकर मोडक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रसायन व पदार्थविज्ञान यांवर मराठीत ग्रंथ लिहिले, आणि त्याच लेखणीने या प्रांतातील राज्यांचा इतिहासही लिहिला. एका माणसाच्या ठायी ही दोन्ही व्यसने असावीत, यात मला विसंगती दिसत नाही.

पन्हाळ्यावर चढून गेले म्हणजे पायाखालचा दगड बदलतो. काळ्याच्या जागी तांबडा, भोकाभोकांचा जांभा येतो. पन्हाळा, मसाईचे पठार आणि पश्चिमेकडील कितीतरी सडे याच टोपीखाली आहेत. 1807 साली फ्रान्सिस बुकॅनन याने मलबारात पाहिलेल्या या दगडास 'लॅटराइट' हे नाव दिले. वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, कारण ताजा असता तो कुऱ्हाडीने कापता येतो आणि वाऱ्यावर कठीण होतो. कोकणातल्या चिरेखाणीचा गवंडी हे नाव न ऐकताही हा गुण जाणतो. जांभा म्हणजे काळाच कातळ. लक्षावधी वर्षांच्या पावसाने त्यातील धुऊन जाण्याजोगे सारे धुऊन नेले आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले. त्यातील लोह गाळून सह्याद्रीच्या रानांत धावड लोक आपला चरितार्थ चालवीत. विलायती लोखंड आले आणि त्यांच्या भट्ट्या विझल्या. ॲल्युमिनियमचा अंश जेथे फार, तो दगड बॉक्साइट. राधानगरी व शाहूवाडीकडच्या पठारांवरून तो बेळगावच्या कारखान्याकडे गेला. लहानसा वाटाणेदार बॉक्साइटाचा खडा हाती घेतला म्हणजे तो इतका सामान्य दिसतो की, स्वयंपाकघरातल्या पातेल्याशी त्याचे नाते आहे, हे मुलांना सांगितल्यावाचून पटत नाही.

स्वातंत्र्यानंतर रस्ते व इमारती वाढल्या, खडीच्या खाणी वाढल्या, आणि महाराष्ट्रातील खनिजांचे खडे जगाच्या बाजारात पूर्वी कधी गेले नव्हते इतके जाऊ लागले. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींतून निघालेले गर्द निळे कॅव्हन्साइट याचे उत्तम उदाहरण. हे खनिज प्रथम अमेरिकेतील ओरेगन येथे सापडले व 1973 साली वर्णिले गेले, परंतु त्याचे खरे वैभव जगाला दिसले ते वाघोलीत. सिन्नरला कृष्णचंद्र पांडे यांनी उभारलेल्या संग्रहालयाचे नाव 'गारगोटी' आहे. आमच्या भुदरगड तालुक्याच्या ठाण्याचेही नाव गारगोटीच. चकमकीच्या त्या खड्याला मराठी माणसाने गावाइतकाच मान दिला, असे मानावयास मला आवडते.

या छंदाला द्रव्य फारसे लागत नाही. लोखंडी खिळा, काचेचा तुकडा, एक भिंग आणि लिंबू एवढ्यावर आरंभ होतो. पांढरा खडा काचेवर ओरखडा काढील तर तो बहुधा गार. खिळ्याने ओरखडला जाईल आणि त्याच्या भुकटीवर लिंबाचा रस टाकल्यास बुडबुडे येतील तर कॅल्साइट. मोत्यासारख्या झळाळीचा सपाट पापुद्रा सुटेल तर ॲपोफिलाइट. मध्यावर आवळलेल्या धान्याच्या पेंडीसारखा दिसेल तर स्टिल्बाइट. एका बिंदूतून फुटलेल्या सुयांसारखा असेल तर स्कोलेसाइट किंवा त्याचा सगोत्र. गड, लेणी व देवळे यांवर हातोडा उचलणे हे पाप आहे आणि गुन्हाही आहे. अभयारण्यातून काही उचलू नये. खाणीच्या धन्याची परवानगी घेऊन, सुरुंगाची वेळ टाळून, टाकाऊ डबराचा ढीग चाळावा. तेथे जे मिळते ते उद्या खडीच्या यंत्रात जाणारच असते.

वयाच्या बाराव्या वर्षापासून मी खडे जमवीत आलो. पहिल्या पाच-सहा वर्षांतले खडे एका पत्र्याच्या डब्यात आहेत. त्यांतील काही आजही माझ्या संग्रहात सर्वांत देखणे आहेत, आणि त्यांपैकी एकाचेही गाव मला सांगता येत नाही. ही चूक पुन्हा भरून येत नाही. खाण बुजते, टेकडी सपाट होते, स्मृती दगा देते.

म्हणून वाचकांना माझी एवढीच विनंती आहे. आपल्या घरी जुने पंचायतन असेल, पूजा चालविणे पुढच्या पिढीला शक्य नसेल आणि ते देवळात ठेवून येण्याचा विचार असेल, तर तसे करण्यापूर्वी घरातील वृद्धांपाशी बसून कोणता दगड कोणी, कोठून व केव्हा आणला हे जेवढे आठवते तेवढे लिहून घ्यावे. आणि खडे जमविणाऱ्या मुलामुलींनी खडा पिशवीत टाकण्याआधी कागदाच्या चिटोऱ्यावर मौजे, तालुका, खणीची खूण आणि तारीख लिहून तो चिटोरा खड्याभोवती गुंडाळावा.